काळ्यापलीकडचं वाक्य

एक

सकाळच्या सातच्या बातम्या संपून जाहिराती लागल्या आणि वहिनींच्या खिशातला फोन वाजला.

वहिनी तेव्हा चहाच्या यंत्रापाशी उभ्या होत्या. आपण जोडलेला तुकडा टीव्हीवर लागतो तेव्हा तो बघायचा नाही, हा त्यांचा जुना नेम. मुलाला परीक्षेच्या दारापर्यंत सोडावं आणि मागे न बघता निघावं, तसं. आज तो नेम त्यांच्या चांगलाच अंगाशी येणार होता.

"एडिटिंग करणाऱ्या बाई तुम्हीच का?" पलीकडे एक मुलगी होती आणि तिला धाप लागली होती. "वार्ताहरांनी नंबर दिला तुमचा. माझ्या बाबांचं वाक्य का कापलंत?"

"कुठलं वाक्य?"

"साहेबांचा फोन आला होता, ते वाक्य! आता सगळ्यांना वाटतंय की बाबांनी आपल्या मनानंच घाण पाणी सोडलं. दाराबाहेर माणसं जमलीत. स्वयंपाकघराची काच फोडली. बाबा खुर्चीत बसलेत, उठायलाच तयार नाहीत. पोलीस म्हणतात येतो, येतो..."

फोनमधून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि मुलगी किंचाळली.

वहिनींनी हातातला चहा बाजूला ठेवला. पहाटे त्यांनीच तर तो तुकडा जोडला होता. शहराच्या खालच्या भागात पाण्यातून विषबाधा झाली होती. दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या आणि दोन लहान मुलं दगावली होती. जलकेंद्रातला पंप चालवणारा माणूस पहिल्यांदाच बोलायला तयार झाला होता. तो काय म्हणाला होता ते वहिनींना तोंडपाठ होतं. 'झडप मीच उघडली. मी दोनदा नाही म्हणालो. मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं, गाळण्याची वाट बघू नकोस, सोड पाणी. ऐकायला नको होतं. माझ्या हातून चूक झाली.'

यातला एक शब्दही त्यांनी गाळला नव्हता.

"फोन ठेवू नकोस," वहिनी म्हणाल्या. "असाच चालू ठेव. मी बघते." आणि फोन तसाच खिशात टाकून त्या पळत सुटल्या.

दोन

कंट्रोल रूममध्ये निर्माता डोकं धरून बसला होता. चाळिशी गाठायच्या आत केस पिकलेला हा माणूस मुळात वाईट नव्हता, पण वरून फोन आला की त्याचा कणा कुठे जायचा ते त्याचं त्यालाही कळत नसे.

"या," तो म्हणाला. "तुमचीच वाट बघतोय. काय करून बसलात हे?"

त्यानं तुकडा लावला. पडद्यावर पंपचालक आला, रापलेला चेहरा, वर फिरणारा जुना पंखा. 'झडप मीच उघडली.' मग त्याच्या एकमेकांत गुंतलेल्या हातांचं दृश्य आलं, क्षणभर शांतता, पुन्हा चेहरा आणि शेवटी परत हात. 'माझ्या हातून चूक झाली.' पडदा काळा झाला.

बास. मधली तिन्ही वाक्यं गडप झाली होती.

वहिनींच्या पायाखालची जमीन सरकली, ती वाक्यं गेली म्हणून नव्हे, तर ती ज्या सफाईनं गेली होती त्यामुळे. कुठे झटका नव्हता की अडखळ नव्हती. हात दाखवून सांधा झाकला होता आणि मधली शांतता श्वास घेतल्याइतकी सहज भरली होती. हे काम त्यांच्यासारखंच होतं. दुसऱ्या कुणी केलेलं असतं तर त्यांनी पाठ थोपटली असती.

"मी हे केलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनाच परका वाटला. दोन आठवडे पहाटपाळी चालू होती. झोप म्हणजे काय ते त्या विसरल्या होत्या. झोपेत आपल्याच हातून तर झालं नसेल?

"मूळ चित्रण काढा मग," निर्माता म्हणाला.

मूळ चित्रण कुठून काढणार? पहाटे वेळ इतका कमी होता की कॅमेऱ्याचं कार्ड सर्व्हरवर उतरवून घ्यायलाही सवड नव्हती. वहिनींनी थेट कार्डावरूनच तुकडा जोडला, 'मुलाखत' नावानं फोल्डरमध्ये टाकला आणि कार्ड कॅमेरामनला परत दिलं. सगळे त्याला उंट म्हणत. उंटानं कार्ड पुसलं आणि तो दवाखान्याकडे गेला. घाईच्या दिवशी या चॅनेलवर काम असंच चालायचं. फोल्डरमधली वहिनींची फाइल तर गेलीच होती, तिच्या जागी त्याच नावानं ही दुसरी येऊन बसली होती.

"सगळे म्हणतायत की वहिनी थकल्या, चुकून कापलं," निर्माता म्हणाला. "मालकही तेच म्हणतात. आठला हाच तुकडा पुन्हा जाणार. अख्खं शहर आपल्यालाच बघतंय."

"अहो, त्या माणसाचं घर फोडतायत लोक! निदान तुकडा खोटा आहे एवढं तरी सांगा."

"कुणाच्या शब्दावर? तुमच्या? पुरावा आणा, मी दाखवतो. नाहीतर मला अडचणीत आणू नका."

खिशातून बारीक आवाज आला. मुलगी रडत होती. "बाई, आता दार ढकलतायत."

तीन

खऱ्या वहिनी त्या इथे कुणाच्याच नव्हत्या. नवरा याच चॅनेलवर आवाजाचं काम बघायचा, सगळे त्याला कानसाहेब म्हणत आणि त्याची बायको म्हणून ही सगळ्यांची वहिनी. दोन वर्षांपूर्वी कानसाहेब गेले. हाक मात्र राहिली.

पहाटे वहिनींनी तुकडा फोल्डरमध्ये टाकला आणि तोंडावर पाणी मारायला गेल्या. तेवढ्याच वेळात कुणीतरी शेजारच्या, रिकाम्या दोन नंबरच्या एडिट रूममध्ये बसून हा उद्योग केला असणार. मजल्यावर त्या वेळी माणसं होती मोजकीच. वहिनी आधी वार्ताहराकडे गेल्या.

त्याला सगळे घाई म्हणत आणि ते नाव त्यानं मेहनतीनं कमावलं होतं. तो खुर्चीत लॅपटॉप छातीशी धरून बसला होता.

"वहिनी, शपथ घेऊन सांगतो, मी हात लावला नाही. मुलाखत माझी! साहेबांचं नाव निघालं तेव्हा मी मनात नाचलो होतो. ते वाक्य कापून मी माझ्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेईन?"

"नाव वगळ म्हणून कुणी सांगितलं असेल तुला."

"सांगितलं असतं तरी मी कसं कापतो ते तुम्हाला माहीत आहे." तो कसनुसा हसला. "तुम्हीच म्हणता, माझं एडिटिंग म्हणजे उंदरानं कुरतडलेलं कापड."

ते खरंच होतं. घाईनं जोडलेल्या तुकड्यात दोन वाक्यांच्या मध्ये आवाज एकदम मरायचा, विहिरीत पडल्यासारखा. शांतता भरणं त्याच्या गावीही नव्हतं. निर्मात्यावर वेळ आली तर तो सरळ खाली संगीत ओतायचा.

पुढे तुकडे सोडणाऱ्या माणसाची जागा होती. बातमीच्या मधोमध बटण दाबून तुकडा चालू करायचा हे त्याचं काम, म्हणून त्याचं नाव बटण. बटणचा राग नेहमी नाकावर असे.

"माझ्याकडे बघू नका हं! मला जे मिळालं ते मी सोडलं. उलट तुमच्यामुळेच माझी तारांबळ उडाली. इवलासा तुकडा, आणि यंत्रावर वेळ दाखवतोय अव्वाच्या सव्वा. पडदा काळा झाल्यावर मीच हातानं तोडलं, नाहीतर सगळं शहर अंधार बघत बसलं असतं."

"मशीन बिघडलं असेल," वहिनी घाईत म्हणाल्या. त्यांचं लक्ष खिशाकडे होतं.

"मशीन ठणठणीत आहे. माणसं बिघडलीत," बटण पुटपुटला.

शेवटी त्या मेकअपच्या खोलीत गेल्या. बातम्या वाचणारी मुलगी आरशासमोर बसली होती. कानसाहेब तिला चिमणी म्हणायचे, कारण सुरुवातीला एडिट रूममध्ये शिकायला आली तेव्हा तिची टकळी बंदच होत नसे. पुढे चेहरा कॅमेऱ्याला मानवला आणि चिमणी पडद्यावर गेली. कानसाहेब गेले त्या दिवशी घरच्यांच्या आधी तीच वहिनींजवळ येऊन बसली होती.

"वहिनी, तुम्ही बसा आधी. किती थरथरताय." तिनं त्यांचा हात धरला. तिचाच हात बर्फासारखा गार होता.

"तू कुणाला बघितलंस का गं, दोन नंबरच्या खोलीत?"

"मी स्टुडिओत होते. ठळक बातम्यांची झलक रेकॉर्ड करून आले आणि मग इथेच." आरशापुढचा तिचा फोन उजळला. दादा. तिनं तो पालथा घातला. "पहाटेपासून दादाचं काहीतरी चाललंय. नवी बदली झालीये ना, सरकारी नोकरी म्हणजे चोवीस तासांची कटकट."

आईवडील लवकर गेले आणि या दादानं तिला वाढवलं, एवढं वहिनींना ठाऊक होतं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या उठल्या.

खिशातल्या फोनमधून आता माणसांचा गलका ऐकू येत होता.

चार

एडिट रूममध्ये येऊन वहिनींनी दार लावून घेतलं आणि चक्क रडल्या. पंधरा वर्षं या खोलीत घालवली आणि आपलं म्हणणं खरं ठरवायला हाताशी एक फ्रेमसुद्धा नव्हती. तिकडे एक म्हातारा खुर्चीत बसून दार तुटायची वाट बघत होता आणि इकडे त्या डोळे पुसत होत्या. त्यांना स्वतःची चीड आली. त्यांनी कानसाहेबांचे जुने मोठे हेडफोन चढवले आणि तुकडा लावला.

त्यांनी आधी नुसतं बघितलं. गुंतलेले हात. हे दृश्य शेवटच्या वाक्यावर पुन्हा येत होतं, तेच बोट, तीच हालचाल. वहिनी एक दृश्य दोनदा वापरत नसत. म्हणजे हे त्यांनी झोपेत केलेलं नव्हतं. छातीवरचं एक ओझं उतरलं. ज्यानं कापलं त्याच्याकडे कार्ड नव्हतं, फक्त वहिनींचा तयार तुकडा होता. सांधा झाकायला हात लागले तेव्हा त्यानं पुढचेच हात उचलून मागे लावले.

मग त्यांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं.

कानसाहेबांचं एक खूळ होतं. मुलाखत संपली की सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. पोरं हसायची, उंट तर मुद्दाम त्याच वेळी खोकायचा. 'हसा लेको,' कानसाहेब म्हणायचे, 'पण प्रत्येक खोली वेगळी गप्प बसते. एकीची शांतता दुसरीत भरली तर आंधळ्यालाही कळेल.'

पंपचालकाच्या घरचा पंखा कुरकुरत होता. प्रत्येक फेऱ्याला एकदा, कर्र. 'झडप मीच उघडली.' कर्र. आता हात. कर्र नाही. पुन्हा ऐकलं. नाहीच. तिथे पंखा नव्हता. तिथे एक बारीक, उंच शिट्टी होती, डास कानाजवळून जावा तशी. मग, 'माझ्या हातून चूक झाली.' कर्र.

ती शिट्टी वहिनींनी शंभरदा ऐकली होती. स्टुडिओतल्या जुन्या दिव्यांची ती शिट्टी. ती घालवता घालवता कानसाहेबांचा जन्म गेला.

वहिनी डोळे मिटूनच बसून राहिल्या. घाईनं कापलं असतं तर तिथे भोक पडलं असतं. निर्मात्यानं कापलं असतं तर खाली वाद्यं वाजली असती. बटणला कात्री कशी धरतात तेही माहीत नव्हतं. जिवावर बेतलेलं असताना, चोरी करतानासुद्धा, रिकाम्या जागेत शांतता भरणारी माणसं या इमारतीत दोनच उरली होती, कानसाहेबांच्या हाताखाली शिकलेली. त्यातली एक इथे बसली होती. आणि आज पहाटे स्टुडिओत जाऊन स्वतःचा आवाज, त्याच्या मागची ती शिट्टी, कुणी रेकॉर्ड करून आणली होती?

ठळक बातम्यांची झलक.

"चिमणे," वहिनी पुटपुटल्या. "अगं, काय केलंस हे?"

आणि मग त्यांनी खाडकन डोळे उघडले, कारण कानसाहेबांनी चिमणीला आणखी एक गोष्ट शिकवली होती.

पाच

'कापलेलं फेकायचं नाही.' कानसाहेबांनी हे सगळ्यांकडून घोकून घेतलेलं असायचं. कापलेला भाग उचलायचा आणि टाइमलाइनच्या, म्हणजे जोडकामाच्या पट्टीच्या, टोकाला, काळ्या पट्ट्याच्या पार पलीकडे नेऊन ठेवायचा. उद्या लागला तर? आणि फाइल काढताना शेवटाची खूण करायची, म्हणजे टोकाचं लटांबर मागेच राहतं, फायलीत येत नाही. वहिनी रोज हे करायच्या. चिमणीनं कितीतरी वर्षांनी कात्री धरली होती. हातांना ठेवायची सवय आठवली. खूण करायची आठवली असेल का?

यंत्रावर वेळ दाखवतोय अव्वाच्या सव्वा.

वहिनींनी तुकडा पुन्हा लावला. 'माझ्या हातून चूक झाली.' पडदा काळा झाला. इथे आल्यावर जो तो थांबायचा, कारण काळं म्हणजे संपलं. त्या थांबल्या नाहीत. काळं. अजून काळं. खिशातून मुलीचा आवाज, "बाबा, उठा ना हो, आतल्या खोलीत चला ना!" काळं.

आणि एकदम पडद्यावर पंपचालकाचा चेहरा आला. पंखा कुरकुरला.

'मी दोनदा नाही म्हणालो. मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं...'

वहिनींनी फोन तोंडाशी धरला. "पोरी, ऐक. टीव्हीचा आवाज होईल तेवढा मोठा कर आणि त्याचं तोंड खिडकीकडे फिरव. बाहेरच्यांना ऐकू गेलं पाहिजे. कळलं?"

कंट्रोल रूममध्ये शिरल्या तेव्हा आठच्या बातम्यांचं संगीत वाजायच्या बेतात होतं. काचेपलीकडे, दिव्यांखाली, चिमणी कागद नीट करत होती. वहिनींनी निर्मात्यासमोर तुकड्याचं शेपूट चालवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे... मालकांना विचारावं लागेल."

"विचारा. तोवर तिकडे माणूस मरेल. मग त्याच्या मुलीला काय सांगायचं तेही मालकांनाच विचारा." वहिनींनी त्याच्या हातातला माईक ओढला. त्यातून बोललेलं थेट निवेदिकेच्या कानात जायचं, फक्त तिच्या.

"चिमणे, मी बोलतेय. काळ्यापलीकडचं सापडलं."

काचेपलीकडचे हात थांबले.

"पंखा नव्हता गं तिथे. आपल्या दिव्यांची शिट्टी होती. नवी बदली होऊन आलेले मोठे साहेब म्हणजे तुझा दादा, हो ना?"

चिमणीनं मान वर केली. डोळे भरले होते. "वहिनी, तो रडत होता फोनवर," ती हळूच म्हणाली. तिचा माईक चालू होता, कंट्रोल रूममधल्या सगळ्यांनी ऐकलं. "आयुष्यात पहिल्यांदा रडला तो. मुलाखतीची कुणकुण लागली होती त्याला. म्हणाला, एवढं वाक्य जाऊ दे, दुपारपर्यंत मी सगळं निस्तरतो. त्यानं मला हातावर वाढवलंय, वहिनी. त्या माणसाच्या घरावर लोक जातील असं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्यावर येईल हे... ते आलं होतं. तरी केलं."

हे शेवटचं वहिनींच्या काळजात रुतलं. पण रुसायला वेळ नव्हता.

"माझं राहू दे. त्याची मुलगी माझ्या फोनवर आहे. ऐक." त्यांनी फोन माईकला लावला. दगड, शिव्या, दारावरच्या लाथा, सगळं त्या एका कानात ओतलं.

संगीत सुरू झालं. बटण बटणावर बोट ठेवून निर्मात्याकडे बघत होता. निर्मात्यानं एकदा मालकांच्या फोनकडे बघितलं, एकदा काचेकडे, आणि फोन उचलून उलटा ठेवला.

"शेपूट तयार ठेव," तो म्हणाला.

दिवा लाल झाला. चिमणीनं हातातले कागद बाजूला सारले.

"नमस्कार. सात वाजता आपण जलकेंद्राच्या कर्मचाऱ्याची मुलाखत दाखवली. ती खोटी होती. त्यातली वाक्यं कापली होती." तिनं थेट कॅमेऱ्यात बघितलं. "ती मी कापली. आमच्या एडिटरनी नाही, मी. ज्या अधिकाऱ्याचा हुकूम लपवायचा होता, तो माझा सख्खा भाऊ आहे. त्या घराबाहेर जमलेल्यांनो, एवढं ऐका, आणि मग काय ते ठरवा."

पुढे तिला बोलवेना. ती नुसती बसून राहिली. सगळ्या शहरात शांतता गेली आणि त्या शांततेत दिव्यांची ती बारीक शिट्टी वाजत राहिली.

"सोड," निर्माता ओरडला. बटणनं बोट दाबलं.

'मी दोनदा नाही म्हणालो...'

वहिनींनी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे टीव्ही गरजत होता आणि त्याच्यावर लोकांचा आरडाओरडा. 'मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं...' आरडाओरडा विरळ झाला. कुणीतरी "ए, गप रे, ऐकू दे" म्हणालं. 'ऐकायला नको होतं.' एक लाथ दारावर बसली, पण ती एकटीच होती. तिच्या मागून दुसरी आली नाही.

मग मुलीनं टीव्ही बंद केला असावा. बराच वेळ काहीच ऐकू येईना. वहिनींचा जीव टांगणीला लागला. त्यांनी डोळे मिटले.

कर्र.

पंखा फिरत होता. त्या घराची शांतता होती ती, दुसऱ्या कुठल्याच खोलीची नाही. कर्र. आणि मग फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हातारा उठला होता.